बाईंचं नाव पहिल्यांदा मी घेतलं

पत्र एका गावातल्या ताईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

त्यांच्या गावातली 19 वर्षांची एक मुलगी तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. एके दिवशी ती घरी परतलीच नाही. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी तिने लग्न केल्याचं रात्री कळलं. त्याच रात्री ताईंनी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘पोरींच्या डोक्यात कॉलेजचं खूळ घालणाऱ्या बाईंनाच विचारा आता.’ बाई म्हणजे गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका. या मुलीला त्यांनी सातवीपर्यंत शिकवलं होतं आणि बारावीनंतर घरी जाऊन तिच्या वडिलांना कॉलेजसाठी गळ घातली होती. ताईंच्या मेसेजचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर गेला. तिसऱ्या दिवशी शाळेला टाळं ठोकलं, बाईंच्या बदलीची मागणी झाली. बाई आधी रजेवर गेल्या, आता दुसऱ्या गावात प्रतिनियुक्तीवर आहेत. गावातल्या आणखी तीन मुलींचं कॉलेज घरच्यांनी बंद केलं. दोन महिन्यांनी त्या मुलीच्या आईने ताईंना खासगीत सांगितलं की लेकीचा फोन आला होता आणि बाईंना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

ताईंना झोप लागत नाही. त्यांची सातवीतली मुलगी विचारते, बाई कधी येणार? बाईंनी वाचायला दिलेलं, खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक अजून तिच्या दप्तरात आहे. नवरा म्हणतो, ‘तुझं नाव कुणी घेत नाहीये, गप्प बस.’ ताई विचारतात: माफी मागावी का? मागितली तर सगळं खापर माझ्याच डोक्यावर फुटेल, गाव आम्हाला वाळीत टाकेल. बाईंना निनावी पत्र पाठवलं तर चालेल का? आणि भेटायला गेलेच, तर मुलीला सोबत नेऊ का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापासून सुरुवात करते. ‘पळून गेली’ असं तुम्ही पाच वेळा लिहिलंय. ‘लग्न केलं’ असं एकदाही नाही.

ती 19 वर्षांची आहे. मुलीच्या लग्नाला कायद्याने 18 पूर्ण लागतात, ती तिला झालेली आहेत. आईवडिलांना न सांगता तिने हे केलं, त्यांच्या काळजाला घरं पडली असतील. ते दुःख खरं आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण ‘पळून गेली’ म्हटलं की पुढचे प्रश्न आपोआप येतात. पळवलं कोणी? फूस कोणी लावली? एका सज्ञान मुलीच्या निर्णयाला गावाने चोरी धरलं आणि मग गाव चोर शोधायला निघालं. मुलगी हाती लागत नव्हती, मुलगा हाती लागत नव्हता. हाती लागत होत्या त्या बाई. परगावच्या, मागे भावकी नसलेल्या, रोज ठरल्या वेळी शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. तेही चोरी झालेलीच नसताना.

पत्रात दोष कुणाकुणाला दिलाय तेही मी मोजलं. मुलगी. बाई. मग ‘तिच्या आईला तरी कळायला हवं होतं’ असं एक वाक्य. आणि शेवटी तुम्ही स्वतः. चौघीही बायकाच. टाळं घेऊन शाळेवर गेलेल्यांना तुम्ही नुसतं ‘लोक’ म्हटलंय.

माझ्या आजोळी एक मामी होती. ती लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात घरचा बैल दगावला आणि ती ‘पांढऱ्या पायाची’ ठरली. मी तिला पाहिलं तेव्हा ती म्हातारी होती. तरीही कुणी चांगल्या कामाला निघालं की ती हातातलं काम टाकून आपणहून माजघरात जायची. तिला कुणी सांगायला लागायचं नाही. बैलाचं काय झालं होतं, ते कुणाला आठवतही नव्हतं. आता बैलाच्या जागी मोबाइल आला, कॉलेज आलं, एसटीचा पास आला. पण घरात काही अघटित घडलं की आधी एक बाई शोधायची, ही खोड गेलेली नाही. ती तुमच्यात आहे, माझ्यातही आहे. परवा शेजारचा मुलगा नापास झाला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? ‘आई नोकरी करते ना त्याची.’

गाव वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. गाव घाबरलं होतं. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. आईबाप कौतुकाने तो काढून देतात आणि पोरगी संध्याकाळच्या गाडीने परत येईपर्यंत जीव मुठीत धरून बसतात. शिकावं असंही वाटतं आणि शिकून हातची जाईल अशी धास्तीही वाटते. दोन्ही एकाच घरात, कधी कधी एकाच माणसाच्या मनात. त्या रात्री प्रत्येक घरात खरं तर एकच प्रश्न उभा होता: आपली पोर आपल्याला सांगेल का? तो प्रश्न फार जड होता. बाईंना जाब विचारणं त्यामानाने सोपं होतं. तुमचीही मुलगी सातवीत आहे. पाच वर्षांनी तीच एसटी तिचीही असणार. तुम्ही तो मेसेज रागाने लिहिलात असं तुम्हाला वाटतं. मला तो भीतीने लिहिलेला वाटतो.

पण भीतीने लिहिला म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. आणि ‘सगळेच लिहीत होते, माझ्या एकटीच्या मेसेजने काय झालं असतं’ हे तुमचं वाक्य मी तसंच सोडून देणार नाही.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घालून ठार मारलं. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या दिवशी राईनपाड्याला नव्हतेच. त्यांनी फक्त बोटाने पुढे ढकललं होतं. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा व्हॉट्सअॅपने घातली. तुमची आणि राईनपाड्याची तुलना होऊ शकत नाही, मला ती करायचीही नाही. पण जमावातल्या कुणालाच आपलं वजन जाणवत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. तुमच्या बाबतीत तर तेवढाही आडोसा नाही. बाईंचं नाव पहिल्यांदा तुम्ही घेतलंत, हे तुम्हीच लिहिलंय. हे लिहायला धीर लागतो आणि म्हणूनच मी तुम्हाला इतकं स्पष्ट लिहू शकते.

नाव घेतलं गेलं की पुढे काय होतं, त्याचा एक जुना मराठी दाखला आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा दिला गेला. काहींनी तो घेतला, काहींनी नुसता पेल्याला हात लावला. रानडे होते, टिळक होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्ती माणसांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला, असं म्हणून गावभर गहजब झाला. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, चौकशी झाली. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं तरी चर्चा संपली नव्हती. एवढ्या काळात वाद कशावर चालला? यादीत कोण आहे, कोण प्यालं, कोण नाही प्यालं. चहा पिण्यात बिघडलं काय, हा प्रश्न मागेच पडला. यादीची ताकद हीच असते. ती छापली की माणसं यादीतून आपलं नाव काढायच्या मागे लागतात आणि यादी करणंच चूक आहे हे म्हणायला कुणी उरत नाही. तुमच्या गावात यादीत एकच नाव होतं. रानडे-टिळकांच्या मागे माणसं होती, मान होता. या बाईंच्या मागे एक हजेरीपट होता.

आता तुमचे पर्याय.

गप्प बसणं हा तुमच्या यजमानांचा सल्ला. त्यांच्यावर रागावू नका, ते तुमच्यासाठीच घाबरलेत. तुमचं नाव खरोखरच कुणी घेत नसेल. पण तुमची झोप त्यासाठी उडालेली नाही. तुमचं नाव कुणाच्या तोंडी नाही आणि बाईंचं अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, तुम्हाला टोचतंय ते हे.

निनावी पत्र नको, अजिबात नको. दोन महिने बाईंनी न दिसणाऱ्या माणसांना तोंड दिलंय. त्यात आणखी एक बिनचेहऱ्याचा कागद हातात पडला, तर त्या तो उघडायलाही धजावणार नाहीत. आणि उघडला तरी त्या रोज विचार करत राहतील, हे कुणी लिहिलं असेल? तुमचं ओझं हलकं होईल, त्यांचं वाढेल.

थेट ग्रुपवर माफी लिहून मोकळं व्हावं असंही तुम्हाला एका रात्री वाटलं होतं. ते करायचंच आहे, पण पहिलं नाही. आधी बाई.

त्यांना फोन करा आणि विचारा, येऊ का. त्या नाही म्हणाल्या तर ते ‘नाही’ मानायचं आणि दोन ओळींचं पत्र सहीनिशी पाठवायचं. हो म्हणाल्या तर जा. काय बोलायचं ते घरून ठरवून जा, नाहीतर रडू येईल आणि त्यांनाच तुम्हाला पाणी द्यायला उठावं लागेल. ‘मी केलं ते हे. मला काहीही माहीत नसताना केलं. त्यातून तुमचं जे झालं ते मला दिसतंय.’ एवढंच. ‘मला माफ केलं म्हणा’ असा आग्रह धरू नका. माफ करायचं की नाही, कधी करायचं, हे त्यांचं आहे. ‘मला अमकीने असं सांगितलं होतं’ हेही नको. ते खरं असलं तरी त्या घरात बसून पुन्हा एक नवं नाव घ्यायचं नाही. आणि एक प्रश्न जरूर विचारा: मी ग्रुपवर लिहिलेलं तुम्हाला चालेल का? विषय पुन्हा निघू नये असं त्यांना वाटत असेल, त्यांना आता गावात परत यायचंही नसेल. तसं असेल तर त्यांच्या इच्छेपलीकडे जाऊन त्यांना न्याय मिळवून द्यायला निघू नका. त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल बोललं गेलं, तिथूनच हे सगळं सुरू झालंय.

त्या हो म्हणाल्या, तर जिथे लिहिलं होतं तिथेच लिहा. पालकांच्या ग्रुपवर, स्वतःच्या नावाने, चार ओळी. मी असं लिहिलं असतं: ‘अमुक तारखेला मी बाईंबद्दल इथे लिहिलं होतं. तेव्हा मला काहीही माहिती नव्हती. ते लिहिणं चूक होतं. मी बाईंची माफी मागितली आहे आणि इथेही मागते.’ बस. जुना मेसेज पुसायच्या भानगडीत पडू नका, स्क्रीनशॉट फिरलेला आहे. खाली कुणी काही लिहिलं तर उत्तर देऊ नका. कुणी घरी येऊन विचारलं तर मात्र बसवा आणि सांगा. ग्रुपशी कुणाला बोलता येत नाही, माणसाशी येतं. तुमच्या ग्रुपवर किती जण आहेत आणि त्या रात्री प्रत्यक्षात किती जणांनी लिहिलं ते एकदा मोजा. ‘सगळं गाव’ म्हणून तुम्ही ज्याला घाबरताय, ते बहुतेक आठ-दहा जण निघतील. उरलेल्यांत तुमच्यासारख्याच न झोपणाऱ्या दोघी-तिघी नक्की असतील.

या चार ओळींत मुलीचा फोन नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे. तिच्या आईने ते तुम्हाला विश्वासाने सांगितलंय. तुम्हाला वाटतंय की बाई निर्दोष असल्याचा पुरावा दिल्याशिवाय माफी मागता येणार नाही. तसं नाही, ताई. समजा, बाईंना त्या लग्नाची कल्पना असती, तरीही तुमचा मेसेज चूकच होता, कारण लिहिताना तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आपली चूक कबूल करायला दुसऱ्याच्या निर्दोषपणाचा दाखला लागत नाही. ती आई स्वतःहून बोलायला तयार झाली तर गोष्ट वेगळी. पण तिला त्यासाठी भरीस घालू नका. तिच्या घरावर काय चाललंय ते तुम्ही लिहिलंयच: भावकीने ठरवून बोलावणी बंद केलीत.

इथे कायद्याचं थोडं सांगते, कारण वाळीत पडायची तुमची भीती खोटी नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तो 2016 चा, जुलै 2017 पासून लागू झालेला. एखाद्या कुटुंबाला जातीतून, समाजातून तोडणं, त्यांच्याशी व्यवहार करू नका असं ठरवून लोकांना सांगणं, हा गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ते ठरवायला बैठक घेणारे आणि त्यात साथ देणारेही त्यात येतात. तक्रार थेट पोलीस ठाण्यात करता येते. एका शेजारणीने तुम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तर तो गुन्हा नव्हे. तो रुसवा आहे आणि तो काही महिने सोसावा लागेल. पण बैठक घेऊन, ‘यांच्याकडे कुणी जायचं नाही’ असं ठरलं तर तारीख, जागा, कोण काय म्हणालं ते वहीत लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा. हे त्या मुलीच्या आईवडिलांनाही सांगा. तुमच्यापेक्षा त्यांना त्याची गरज आधी आहे. त्या जोडप्याच्या जिवाला धोका वाटत असेल, तर अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेले आहेत. त्यांनी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाशी बोलावं.

बाईंना परत यायचं असेल, तर माफीपुढेही एक काम आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात आणि समितीत निम्म्या महिला असायला लागतात. टाळं ठोकताना पालकांच्या नावाने बोलणारे बरेच होते. समितीतल्या आया तेव्हा काय म्हणाल्या? तुमच्या पत्रावरून दिसतं की कुणी त्यांना विचारलंच नाही. समितीला लेखी अर्ज द्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. ‘बाईंविरुद्ध आमची तक्रार नाही, त्यांना परत आणावं.’ पहिली सही तुमची. दुसरी मिळाली तरी पुष्कळ. बदल्या, प्रतिनियुक्त्या आपल्या मर्जीने हलत नाहीत, कदाचित काही होणारही नाही. तरी त्यांच्याविरुद्ध जेवढे कागद जमलेत, त्यांत त्यांच्या बाजूचा एक कागद असू दे.

आणि त्या तीन मुली. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत. मला ती सगळ्यांत जास्त लागली. बाई दुसऱ्या शाळेत का होईना, शिकवतायत. या तिघी घरी बसल्यात, आणि एक वर्ष गेलं की कॉलेज सुटतं ते सुटतंच, मग स्थळं यायला लागतात. त्यांतल्या एका घराशी तरी तुमची जाऊन-येऊन ओळख असेल. त्या आईकडे दुपारी निवांत जा. उपदेश करू नका. तुमची स्वतःची भीती तिला सांगा, मी वर लिहिली तीच, ती ओळखीची निघेल. मग विचारा, परीक्षेचा अर्ज भरायची मुदत कधी आहे? मुलीबरोबर एसटीने पहिले चार दिवस मी जाऊ का? बाई नेमकं हेच करत होत्या. एकेका घरी जाऊन, एकेका बापाशी बोलून. ते काम आता गावात कुणीच करत नाहीये.

यजमानांना हे सगळं करण्याआधी सांगा, नंतर नव्हे. त्यांची संमती मिळेलच असं नाही. पण त्यांना ग्रुपवरून कळता कामा नये.

मुलीला बाईंकडे सोबत नेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. पहिल्या भेटीला नको. तिच्यासमोर बाईंना तुमच्यावर रागावता येणार नाही आणि त्यांना तो राग येऊ दिला पाहिजे. पण निघण्याआधी मुलीला सांगा, तुम्ही कुठे जाताय, कशासाठी. ‘बाईंबद्दल मी खोटं लिहिलं होतं’ हे तिने तुमच्याकडून ऐकावं, शाळेत कुणाकडून नव्हे. ती चिडेल, एक-दोन दिवस बोलणार नाही. राहू दे. आणि ते खाकी कव्हरचं पुस्तक तुम्ही बरोबर नेऊ नका. बाई पुढे कधी ‘तिला घेऊन ये’ म्हणाल्या, तर ते तिचं तिलाच परत करू दे.